फाइलीचे नाव नव्हे, ठसा पाहा

संगणकातील अस्सल आणि नक्कल माल ओळखण्याची रीत

ज्या व्यापाऱ्यांना जीएसटीचे ई-इनव्हॉइस काढावे लागते, त्यांच्या प्रत्येक बिलावर चौसष्ट अक्षरांची एक लांबलचक ओळ छापलेली असते. तिच्यात आकडे असतात आणि मध्ये मध्ये इंग्रजीतील ए ते एफ ही अक्षरे मिसळलेली असतात. तिला आयआरएन, म्हणजे इनव्हॉइस रेफरन्स नंबर म्हणतात. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांनाही ही पद्धत लागू झाली. मुनीमजी ती ओळ पाहतात, शेजारचा क्यूआर कोड पाहतात आणि बिल फायलीला लावतात. ही ओळ आली कुठून, असे विचारणारे फार थोडे.

विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा क्रमांक, या चार गोष्टी एकत्र करून त्या एका गणिती चरकातून काढल्या की ही चौसष्ट अक्षरे बाहेर पडतात. त्या चरकाचे नाव एसएचए-२५६ आणि बाहेर पडलेल्या ओळीला हॅश म्हणतात. आम्ही या लेखात तिला ठसा म्हणू. चारपैकी एका गोष्टीतला एक आकडा जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. म्हणून एकच बिल दोनदा नोंदवता येत नाही.

याच चरकातून संगणकातील कोणतीही फाइल काढता येते. हिशेबाचे पॅकेज असो, एम्ब्रॉयडरी मशीनचे डिझाइन असो किंवा खुद्द विंडोजचा एखादा तुकडा असो, प्रत्येकाचा ठसा वेगळा निघतो. या एका गोष्टीच्या आधारावर जगात फार मोठे काम चालते. ज्या व्यापाऱ्याचे सगळे खाते आज संगणकात आहे, त्याने ते समजून घेण्यात त्याचाच फायदा आहे.

नावावर भरवसा का नको

कापडाच्या बाजारात ताग्यावरची छाप पाहून माल घेणारा फसतो. छाप कोणीही मारू शकतो. जाणकार माणूस भिंगाखाली एका इंचातले धागे मोजतो, पन्हा मोजतो, सूत तोलून काउंट काढतो, मग भाव बोलतो. संगणकात मात्र हाच जाणकार माणूस फाइलीचे नाव वाचतो आणि लगेच क्लिक करतो.

फाइलीचे नाव हे ताग्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखे आहे. ते बदलायला दोन सेकंद लागतात. विंडोजमध्ये एसव्हीसीहोस्ट नावाची एक फाइल असते. ती नसेल तर संगणक चालत नाही. अनेक व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलीला हेच नाव दिले, कारण चालू कामांच्या यादीत हे नाव दिसले तर कोणाला संशय येत नाही. २०२४ साली आपल्या देशात लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाइलवर फायली येऊ लागल्या. नाव निमंत्रणाचे, आणि आत मोबाइलचा ताबा घेणारे अॅप. पोलिसांना त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागले. लोकांनी नाव वाचले आणि दाबले, एवढीच त्यांची चूक.

फाइलीची तारीख बदलता येते. तिचा आकार मुद्दाम जुळवून घेता येतो. चिन्ह, म्हणजे आयकॉन, हुबेहूब लावता येते. जुळवता येत नाही तो ठसा.

ठसा निघतो कसा

एसएचए-२५६ चा चरक फाइलीचे चौसष्ट-चौसष्ट बाइटचे तुकडे करतो. एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर मावण्याएवढी जागा. प्रत्येक तुकडा चौसष्ट फेऱ्यांत घुसळला जातो आणि एका तुकड्याचे फळ पुढच्या तुकड्यात मिसळले जाते. शेवटचा तुकडा संपला की जे उरते तो ठसा. फाइल चार ओळींची असो की चार जीबीची, ठसा चौसष्ट अक्षरांचाच राहतो.

या चरकाचे तीन गुण ध्यानात ठेवावेत. पहिला, तीच फाइल हजार वेळा घातली तरी ठसा तोच येतो, मग ती भिवंडीच्या संगणकावर असो वा दुबईच्या. दुसरा, फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ठशात इतका फरक पडतो की दोन्ही फायली कधी नात्यात होत्या असे वाटणार नाही. तिसरा, ठशावरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही. पिठावरून गव्हाचे दाणे जुळवता येत नाहीत, तसेच.

शक्य ठशांची एकूण संख्या लिहायची तर ७८ आकडी संख्या होते. एवढ्या गर्दीत दोन वेगळ्या फायलींचे ठसे योगायोगाने जुळतील, ही भीती व्यवहारात धरण्याचे कारण नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या फाइलीत काहीच नाही, शून्य बाइट, तिलाही ठसा असतो. एमडी५ या जुन्या चरकातून तो काढला तर त्याची सुरुवात नेहमी 'डी ४ १ डी ८' अशी होते. फाइलीला 'मार्चचा हिशेब' नाव द्या की 'जमिनीचे कागद', ती रिकामी असेल तर ठसा हाच. तपासणी करणाऱ्यांना हा ठसा तोंडपाठ असतो. दिसला की ते समजतात, पोते रिकामे आहे.

वजनमापांच्या कचेरीतले ग्रंथालय

ठसा काढणे सोपे आहे. पण काढलेला ठसा जुळवायचा कशाशी? अंगठ्याचा ठसा घेतला आणि पोलिसांकडे नोंदवही नसली तर त्या ठशाचा उपयोग काय? फायलींच्या बाबतीत अशी नोंदवही तयार केली ती अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेने.

ही संस्था १९०१ साली सुरू झाली आणि अमेरिकेच्या वाणिज्य खात्याखाली येते. तिचे मूळ काम वजने आणि मापे यांचे प्रमाण ठरवण्याचे. किलो म्हणजे नेमके किती, मीटर म्हणजे नेमके किती, हे जिथे सांभाळले जाते तिथेच फायलींचे प्रमाणही सांभाळले जावे, हे व्यापाऱ्याला चटकन पटेल. मेरीलँड राज्यातील गेदर्सबर्ग येथे या संस्थेचे आवार आहे. २००० सालाच्या सुमारास तिथे नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी उभी राहिली. एफबीआयसह तिथल्या तपास यंत्रणांची ती गरज होती.

गरज अशी होती. एखाद्या गुन्ह्यात संगणक जप्त झाला की त्यात लाखांनी फायली निघतात. त्यातल्या बहुतेक विंडोजच्या, ऑफिसच्या, प्रिंटरच्या, खेळांच्या. मालकाने स्वतः लिहिलेल्या, मिळवलेल्या फायली त्या ढिगात थोड्याच असतात. तपास अधिकारी प्रत्येक फाइल उघडून पाहू लागला तर त्याचे आयुष्य जाईल. म्हणून आधी बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फायली बाजूला काढायच्या आणि उरलेल्याच पाहायच्या, अशी रीत पडली.

त्यासाठी हे ग्रंथालय सॉफ्टवेअर विकत घेते किंवा कंपन्यांकडून देणगीत मिळवते. खोकी, सीडी, डीव्हीडी जशाच्या तशा फडताळात ठेवल्या जातात. त्यातली प्रत्येक फाइल सुटी केली जाते. दाबून बांधलेल्या फायली सोडवल्या जातात. मग प्रत्येकीचा ठसा काढून त्याच्यापुढे फाइलीचे नाव, कोणत्या पॅकेजमधली, कोणती आवृत्ती, बनवणारा कोण, हे लिहिले जाते. या यादीला रेफरन्स डेटा सेट म्हणतात. तिच्यात कोट्यवधी नोंदी आहेत. वर्षातून चार वेळा ती नव्याने निघते आणि कोणालाही फुकट मिळते. २०१८ साली व्हिडिओ गेमच्या फायलीही तिच्यात मोठ्या संख्येने घेतल्या, कारण जप्त झालेल्या संगणकांत खेळ फार सापडतात.

मूळ खोके का जपून ठेवायचे, असा प्रश्न पडेल. उत्तर आपल्या धंद्यात आहे. शेड कार्डावरचा रंग आणि मालाचा रंग यांत वाद झाला की मूळ शेड कार्ड काढावे लागते. उद्या कोर्टात कोणी विचारले की हा ठसा खरोखर त्याच सॉफ्टवेअरचा आहे कशावरून, तर फडताळातून खोके काढून पुन्हा ठसा घेऊन दाखवता येतो. ज्या नोंदीमागे अस्सल माल नाही ती नोंद वादात टिकत नाही.

परदेशात कंपन्यांच्या दिवाणी दाव्यांतही ही यादी वापरतात. वकिलांना लाखो फायली वाचाव्या लागतात आणि वाचण्याचे पैसे पक्षकार भरतो. म्हणून आधी ओळखीच्या फायली काढून टाकतात. या कामाला तिथले लोक संस्थेच्या नावावरून डी-निस्टिंगच म्हणू लागले आहेत.

ओळखीचा म्हणजे भला नव्हे

इथे एक मोठा गैरसमज होतो. या यादीत ज्या फाइलीचा ठसा आहे ती चांगली, आणि ज्या फाइलीचा नाही ती वाईट, असे लोक धरून चालतात. दोन्ही चुकीचे आहे.

ग्रंथालयाने स्वतःच सांगून ठेवले आहे की यादीतल्या फायली 'ओळखीच्या' आहेत, 'निर्दोष' नव्हेत. बाजारात उघड मिळणारी कुलूप फोडण्याची साधने, एका फाइलीत दुसरी फाइल लपवण्याची साधने, हीसुद्धा सॉफ्टवेअरच आहेत आणि त्यांचे ठसेही यादीत आहेत. बाजारात ज्याला सगळे ओळखतात तो माणूस उधारी बुडवणाराही असू शकतो. ओळख ही ओळख आहे, चारित्र्याचा दाखला नाही.

उलट बाजूने पाहा. आपल्याकडच्या लहान कंपन्यांनी बनवलेली बिलाची पॅकेजेस, एखाद्या गावातल्या मुलाने जकातीच्या काळात लिहून दिलेला प्रोग्राम, पॉवरलूमच्या डिझाइनसाठी तयार केलेले काही खास सॉफ्टवेअर, यांचे ठसे अमेरिकेच्या फडताळात नसण्याचीच शक्यता जास्त. ठसा सापडला नाही याचा अर्थ एवढाच की तो माणूस त्या मोहल्ल्यात नवा आहे. तो चोर आहे, असे म्हणण्याचा हक्क कोणाला पोहोचत नाही. तपासणी करणाऱ्याने हा फरक पाळला नाही तर इमानदार माणूस नाहक संशयात येतो.

ओळखीच्या फायलींची यादी जवळ नसली की काय होते, याचे उदाहरण २१ एप्रिल २०१० रोजी जगाने पाहिले. मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपनीच्या नव्या अपडेटने विंडोज एक्सपीमधील एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाइल व्हायरस समजून उचलली. जगभर हजारो संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. इस्पितळे, पोलीस, कंपन्या अडकल्या. राखणदाराने चोराऐवजी घरधन्यालाच पकडले. वाईटांची यादी जितकी गरजेची, तितकीच अस्सलांचीही गरजेची, हा त्याचा धडा.

जुने ठसे फुटले

सगळे चरक सारखे नसतात. एमडी५ हा चरक अमेरिकेतील रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली बनवला. त्याचा ठसा ३२ अक्षरांचा. त्यानंतर १९९५ साली एसएचए-१ आला, त्याचा ठसा ४० अक्षरांचा. बरीच वर्षे जगाचा कारभार या दोघांवर चालला.

२००४ साली चीनच्या गणितज्ञ शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ मध्ये एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या नोंदी तयार करून दाखवल्या. २००८ च्या डिसेंबरात काही संशोधकांनी दोनशे प्लेस्टेशन ३, म्हणजे मुलांची खेळाची यंत्रे, एकत्र जोडून एमडी५ च्या जोरावर इंटरनेटवरचे बनावट ओळखपत्र तयार केले. तो केवळ इशारा होता. २०१२ साली फ्लेम नावाचा हेरगिरीचा प्रोग्राम मध्यपूर्वेत सापडला. त्याने एमडी५ च्या याच दोषाचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टच्या नावाची बनावट सही तयार केली होती. त्यामुळे संगणकाला वाटे की हा खुद्द मायक्रोसॉफ्टचा अपडेट आहे.

एसएचए-१ ची पाळी २०१७ साली आली. अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी २३ फेब्रुवारी रोजी दोन वेगळ्या पीडीएफ फायली प्रसिद्ध केल्या. मजकूर दिसायला वेगळा, एसएचए-१ चा ठसा एकच. डिसेंबर २०२२ मध्ये निस्टने सांगून टाकले की २०३० च्या अखेरीपर्यंत एसएचए-१ चा वापर पूर्ण बंद करावा. एसएचए-२५६ मात्र अजून कोणाला फोडता आलेला नाही, आणि त्या ग्रंथालयाच्या यादीतही आता तो दिला जातो.

मग एमडी५ च्या सगळ्या जुन्या नोंदी रद्दीत काढायच्या का? इथे बारकाई आहे. आतापर्यंत जमले आहे ते असे की एकच माणूस दोन फायली मुद्दाम जोडीने तयार करतो आणि दोघींचा ठसा एक निघतो. दोन्ही तागे त्याच्याच मागावर, ठरवून विणलेले. पण दुसऱ्याने आधीच बनवलेली फाइल घ्यायची आणि तिच्या ठशाला जुळणारी वेगळी फाइल तयार करायची, हे एमडी५ मध्येही प्रत्यक्षात कोणी करून दाखवलेले नाही. म्हणून विंडोजच्या जुन्या फायली ओळखायला जुना ठसा चालून जातो. जिथे समोरचा माणूस फसवणारा असू शकतो, जिथे पैसा किंवा अब्रू पणाला आहे, तिथे एसएचए-२५६ शिवाय भागवू नये.

ठसा बरोबर, तरी माल खराब

ठशावरही आंधळा भरवसा ठेवू नये, हे दोन घटना सांगतात.

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या प्रणालीची वेबसाइट चोरांनी ताब्यात घेतली. माल उतरवून घेण्याचा दुवा त्यांनी बल्गेरियातील आपल्या संगणकाकडे वळवला आणि तिथे चोरवाट ठेवलेली प्रत लावली. त्या दिवशी ज्यांनी माल उतरवला त्यांना प्रकल्पाच्या लोकांनी सांगितले की आधी ठसा पडताळा. ठसा जुळला नाही तर ती प्रत टाकून द्या. ज्याने ठसा पाहिला तो वाचला. पण विचार करा, वेबसाइटच चोराच्या हाती असेल तर तो तिथे लिहिलेला ठसाही बदलू शकतो. म्हणून माल एका दारातून आणि ठसा दुसऱ्या दारातून घ्यावा. बिलटी ट्रकवाल्याकडून आणि मालाची यादी पेढीकडून, हा नियम आपल्याला नवा नाही.

दुसरी घटना २०१७ ची. संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची एक आवृत्ती ऑगस्टमध्ये निघाली. चोरांनी कंपनीच्या आत शिरून, माल बाहेर पडण्याआधीच त्यात विष कालवले होते. वर कंपनीची खरी डिजिटल सही होती. ठसा पाहिला असता तर तोही कंपनीच्या मालाशी जुळला असता, कारण कंपनीचाच माल खराब होता. सप्टेंबरमध्ये हे उघड होईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर तो पोहोचला होता.

तेव्हा ठसा एवढेच सांगतो की गिरणीतून निघालेला ताग तोच तुमच्या दुकानात आला, वाटेत बदलला नाही. गिरणीतच सूत कुजके असेल तर ते ठसा सांगणार नाही.

कायद्यात ठशाची जागा

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या तिसऱ्या कलमातच हॅशची व्याख्या दिलेली आहे. तीच नोंद घातली तर तोच ठसा यावा, ठशावरून मूळ नोंद काढता येऊ नये आणि दोन नोंदींचा ठसा एक येऊ नये, असे तिचे सार आहे.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातला किंवा मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत एक प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. या नमुन्यात ठसा लिहिण्याची जागा छापलेलीच आहे, आणि तो कोणत्या चरकातून काढला, एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ की आणखी कोणत्या, यावर खूण करायची आहे.

व्यापाऱ्याने याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा. पैसे बुडवणाऱ्या पार्टीवर दावा लावायचा असेल आणि पुरावा ई-मेल, बिलाची पीडीएफ किंवा मोबाइलवरचे संदेश असतील, तर वकिलाला पहिल्याच भेटीत या प्रमाणपत्राबद्दल विचारावे. स्क्रीनचा फोटो काढून मूळ फाइल पुसून टाकणाऱ्याचे पुढे हाल होतात.

दुसरी बाजू जास्त नाजूक आहे. कधी एखाद्या चौकशीत दुकानाचा संगणक जप्त होतो. त्यात आपली सारी खाती, गिऱ्हाइकांची नावे, घरातले फोटोही असतात. अशा वेळी हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून मूळ आणि प्रत या दोघांचे ठसे जुळवणे, ही जगभर मान्य रीत आहे. ठसा एकदा कागदावर आला की नंतर कोणी त्या प्रतीत एक ओळ जरी घातली किंवा काढली तरी ते लपत नाही. याने जप्ती करणाऱ्याचेही रक्षण होते आणि ज्याचा माल आहे त्याचेही. म्हणून आपल्या वकिलामार्फत लेखी विचारणा करावी की ठसा काढला का, कधी काढला, कोणत्या चरकातून काढला आणि त्याची नोंद आम्हाला मिळेल का. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करायचे असते, तेही विचारावे. चालू मोबाइल आतल्या आत सतत बदलत असतो, म्हणून त्याच्या बाबतीत काढलेल्या प्रतीचा ठसा महत्त्वाचा मानतात, हेही ध्यानात ठेवावे.

ढिगातून ओळखीच्या फायली बाजूला काढण्याचा आणखी एक फायदा या ठिकाणी दिसतो. तपासणारा तुमच्या संगणकातल्या लाखभर फायलींकडे संशयाने न पाहता थेट मुद्द्याच्या फायलींवर येतो. काम लवकर संपते. ज्याचा संगणक कचेरीत पडून आहे आणि ज्याचे रिटर्न भरायचे राहिले आहेत, त्याला या 'लवकर'ची किंमत विचारावी.

आपल्या दुकानात काय करावे

हे सगळे मोठ्या लोकांचे काम आहे, असे कोणी म्हणू नये. ठसा काढायला पैसा लागत नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा मुळातच बसवलेली असते. तिला हॅशफाइल हा हुकूम, फाइलीचे नाव आणि एसएचए२५६ एवढे दिले की ठसा समोर येतो. आज्ञा लिहिणे नको असेल तर सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर बसवावे. मग फाइलीवर उजवे बटण दाबले की ठसा काढण्याची सोय दिसते. दुकानातला मुलगा हे पाच मिनिटांत शिकेल.

पहिले काम, हिशेबाच्या पॅकेजची, प्रिंटरची, एम्ब्रॉयडरी किंवा जॅकार्डच्या डिझाइनची मूळ सेटअप फाइल कंपनीकडूनच घ्यावी आणि एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. एका वहीत तारीख, नाव, आवृत्ती, कोठून घेतली आणि ठसा लिहून ठेवावा. चौसष्ट अक्षरे हाताने लिहिताना चूक होते, म्हणून छापून चिकटवावीत.

दुसरे, संगणक दुरुस्त करणारा जेव्हा आपल्या पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर घालतो तेव्हा त्याच्या फाइलीचा ठसा आपल्या वहीतल्या ठशाशी जुळवावा. आवृत्ती तीच आणि ठसा वेगळा, तर नम्रपणे नाही म्हणावे. कुलूप तोडलेल्या, म्हणजे क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा ठसा मूळ मालाशी कधीच जुळत नाही, कारण ते तोडताना फाइलीत हात घातलेला असतो. त्या हाताने आणखी काय ठेवले, हे कोण सांगणार? चार-पाच हजार वाचवण्यासाठी सगळ्या पार्ट्यांचे खाते अनोळखी माणसाच्या स्वाधीन करणे हा तोट्याचा सौदा आहे.

तिसरे, अनोळखी फाइल आली तर तिचा ठसा काढून व्हायरसटोटल या वेबसाइटवरच्या शोधाच्या चौकटीत टाकावा. ही सेवा २००४ साली स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ साली गूगलने घेतली. अनेक अँटीव्हायरस कंपन्यांचे त्या फाइलीबद्दलचे मत तिथे एकत्र दिसते. लक्सेंबर्गच्या सर्कल या संस्थेची हॅशलुकअप नावाची फुकट सेवाही आहे, तीत अमेरिकेच्या ग्रंथालयाची यादी समाविष्ट आहे. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की फक्त ठसा टाकावा, फाइल चढवू नये. ठशावरून कोणाला तुमचा हिशेब वाचता येत नाही, चढवलेली फाइल मात्र दुसऱ्यांच्या हाती जाऊ शकते. ठसा तिथे सापडला नाही तर फाइल निर्धोक ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे, तोपर्यंत उघडू नये.

चौथे, आपली स्वतःची डिझाइने आणि वर्षाअखेरीचे खाते यांचेही ठसे काढून ठेवावेत. दोन वर्षांनी वाद झाला तर फाइल तीच आहे, तिला कोणी हात लावलेला नाही, हे दाखवता येईल. ठशाचा कागद तारखेसह आपल्या सीए किंवा वकिलाकडे दिला तर आणखी बरे. फक्त एक सांभाळावे, ती फाइल पुन्हा उघडून सेव्ह करू नये. नुसते सेव्ह केल्यानेही कित्येकदा ठसा बदलतो. पाहायची असेल तर तिची दुसरी प्रत काढून पाहावी.

आपल्या बाजारात पेढीचे नाव जुने असले तरी ताग उलगडून पाहण्याची रीत कोणी सोडलेली नाही, आणि समोरचा व्यापारी त्याचा राग मानत नाही. संगणकातल्या मालाला तीच रीत लावायची आहे. वही एक, पेनड्राइव्ह एक आणि आठवड्यातली दहा मिनिटे, एवढाच त्याचा खर्च आहे.